पाय टेकला तिथे खूण करा

गेल्या अंकात शेवटी मी सहज एक ओळ टाकली होती, की तुमच्या गावात सायकल नेमकी कुठे अडते, म्हणजे वाटेतला 'गॅप' कुठे आहे, ते लिहून कळवा. वाटलं होतं पाच-सहा पत्रं येतील. आली ढीगभर, त्यात एकांनी तर लाँड्रीच्या बिलाच्या पाठीवर पेनाने नकाशा काढून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकलाय, त्यांच्याकडे शेवटी येते. सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही, म्हणून ज्यांच्यात बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात अशी थोडी निवडलीयेत. दोघांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं, म्हणून मग कोणाचंच छापत नाहीये.

प्रश्न : आम्ही मयूर कॉलनीत राहतो, मुलगी नववीत आहे, तिचा क्लास प्रभात रोडच्या एका गल्लीत. अंतर फार नाही. घराजवळच्या गल्ल्या शांत, क्लासकडच्या तर त्याहून शांत, फक्त मधला पौड फाटा ते नळ स्टॉप हा कर्वे रोडचा पट्टा तेवढा वाईट. मुलगी म्हणते आई, नव्वद टक्के रस्ता सेफ आहे मग तू का अडवतेस? हिशोबाने तिचं बरोबर वाटतं पण धीर होत नाही. मी उगाच घाबरते का? (कोथरूडची एक आई)

उत्तर : उगाच नाही हो. मुलीचा हिशोब सरासरीचा आहे आणि सायकलच्या रस्त्याला सरासरी लावून चालत नाही. पोहऱ्याचा दोर नव्वद टक्के मजबूत आहे म्हणून कोणी तो विहिरीत सोडतं का?

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. २०१२ साली अमेरिकेत सॅन होजे शहराचा एक अभ्यास झाला, मिनेटा ट्रान्सपोर्टेशन इन्स्टिट्यूटसाठी मेकुरिया, फर्थ आणि निक्सन या तिघांनी केलेला. त्यांनी शहरातल्या प्रत्येक रस्त्याला १ ते ४ असा 'ट्रॅफिक स्ट्रेस'चा नंबर दिला. १ म्हणजे लहान मूलही जाईल, २ म्हणजे बहुतेक मोठी माणसं न घाबरता जातील, ३ म्हणजे ज्यांना सवय आहे ते जातील, आणि ४ म्हणजे ज्यांना कशाचीच भीती नाही असे थोडे. नंबर देताना गाड्यांचा वेग, लेन किती, सायकल लेन असेल तर ती सारखी अडवलेली असते का, असं सगळं बघितलं. आणि मुख्य नियम असा ठेवला की अख्ख्या रूटचा नंबर म्हणजे त्यातल्या सगळ्यात वाईट तुकड्याचा नंबर. चौकसुद्धा त्यात धरला, म्हणजे दोन्हीकडच्या गल्ल्या १ नंबरच्या असल्या तरी मधला रस्ता ओलांडताना ४ ची धडकी भरत असेल तर तुमचा सगळा रूट ४ नंबरचा. तुमचा पट्टा आला लक्षात?

आता माझा अनुभव सांगते, कारण मी हाच भाग भाचीला घेऊन केलाय. ती अकरा वर्षांची, मे महिन्याच्या सुट्टीत आली होती. तिला सांगितलं की तू पुढे, मी मागे, आणि जिथे भीती वाटून पाय टेकवशील तिथे मोठ्याने 'टेक' म्हणायचं, सिग्नलला थांबलीस तर ते धरायचं नाही. मी मागून हँडलला अडकवलेल्या वहीत खूण करायची. जाताना झाले ४ टेक. येताना ११! रस्ता तोच, वार तोच, मग असं का, तर घरी येऊन कागदावर काढल्यावर कळलं की जाताना मोठ्या रस्त्यावरची सगळी वळणं डावीकडची होती आणि येताना तीच उजवीकडची झाली. डावीकडे वळायला कडेकडेने जाता येतं, उजवीकडे वळायचं तर मेट्रोच्या खांबांपर्यंत मधे सरकावं लागतं, मागून बस, बाजूने रिक्षा, आणि त्यात पोर मागे वळून बघायला गेली की हँडल डुगडुगतं. मी इतकी वर्षं त्या रस्त्याने जाते पण मला हे कधी जाणवलंच नव्हतं, कारण मी सवयीची, ३ नंबरवाली.

तेव्हा मुलीला सरळ 'नाही' म्हणू नका, तीन रविवार तिच्या मागून जा, ती पुढे तुम्ही मागे, आणि येतानाचे टेक जास्त बघा. चौक सिग्नलवालाच निवडायचा. उजवं वळण दोन टप्प्यांत घ्यायचं, म्हणजे आधी सरळ जाऊन पलीकडच्या कोपऱ्यावर थांबायचं आणि मग तिकडचा सिग्नल सुटला की त्यांच्याबरोबर जायचं. जमत नसेल तर उतरून झेब्रावरून ढकलत न्यायची, त्यात काही कमीपणा नाही. आणि मग चौथ्या रविवारी कर्वे रोडवर न येता मागच्या गल्ल्यांतून काही जुळतंय का ते दोघी मिळून शोधा, थोडा वळसा पडला तरी चालेल.

जाता जाता एक. रॉजर गेलर म्हणून पोर्टलंड शहराच्या सायकल विभागात होते, त्यांनी २००६ मध्ये अंदाजाने लोकांचे चार गट पाडले, त्यातला सगळ्यात मोठा, जवळजवळ ६० टक्क्यांचा, असा की ज्यांना सायकल चालवायची इच्छा आहे पण ट्रॅफिकची भीती वाटते. मी त्यांना 'मन आहे पण धीर नाही' गट म्हणते. तुम्ही त्यातल्याच, त्यामुळे घाबरण्यात तुम्ही अजिबात एकट्या नाही.

प्रश्न : मी निवृत्त इंजिनिअर. आमच्या सातारा रोडला बीआरटीच्या बस-लेनबरोबर सायकल ट्रॅक झाले त्याला आता किती वर्षं झाली. नंतर २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला, त्यात ८०० पेक्षा जास्त किलोमीटरचं जाळं दाखवलं होतं. पेपरात किलोमीटर वाचतो आणि खिडकीतून बघतो तर ट्रॅकवर सायकल नाही, स्कूटर आहेत. किलोमीटर वाढवून उपयोग होत नाही हे मला दिसतंय पण का होत नाही हे कोणी नीट सांगत नाही. (सहकारनगर, पुणे)

उत्तर : काका, तुम्ही इंजिनिअर आहात म्हणून आकड्यानेच सांगते. वर सॅन होजेचं सांगितलं ना, तिथे ६४ टक्के रस्ते १ किंवा २ नंबरचे निघाले, म्हणजे शहराचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग शांत. मग त्यांनी उलटं मोजलं, की घर ते काम अशा सहा मैलांच्या, म्हणजे साधारण साडेनऊ किलोमीटरच्या आतल्या फेऱ्यांपैकी किती फेऱ्या अथपासून इतिपर्यंत २ नंबरच्या रस्त्यानेच आणि फार वळसा न घालता होतात. उत्तर आलं ४.७ टक्के. ६४ कुठे आणि ४.७ कुठे! शांत रस्ते होते पण प्रत्येक मोहल्ला आपापलं बेट होऊन बसला होता, चारी बाजूंनी मोठे रस्ते. आणि पुढची गंमत म्हणजे त्यांनी नेमके कुठे कुठे जोड दिले तर काय होईल हे नकाशावर करून बघितलं, तर तोच आकडा १२.७ वर जात होता. शहरभर ट्रॅक न ओतता, फक्त सांधे जोडून.

आपल्याकडे किलोमीटर मोजतात कारण बिल किलोमीटरवर निघतं. सांधा मोजायला गेलं तर तो वीस-तीस मीटरचा असतो, त्याचं उद्घाटन कोण करणार?

तुमच्याकडचे ट्रॅक मी चालवून बघितलेत. एक नमुना सांगते, साधारण पाचशे मीटरचा. सुरुवातीला रॅम्पच नाही, सायकल उचलून चढवायची. मग पेव्हर ब्लॉक, ठीक आहे. मग एका इमारतीचं गेट, तिथे ट्रॅक खाली उतरतो आणि परत चढतो, असं प्रत्येक गेटला, म्हणजे उंटावर बसल्यासारखं. मग झाड, झाड तोडावं असं माझं म्हणणं नाही पण ट्रॅक त्याच्या बाजूने वळवता आला असता. मग चेंबरचं झाकण, बोटभर वर आलेलं. मग बसस्टॉप, तिथे लोक उभे, आणि ते तरी कुठे उभे राहणार. आणि शेवटी चौकाच्या तीस-चाळीस पावलं अलीकडे ट्रॅक संपतो. म्हणजे जिथे एकटीला सगळ्यात जास्त भीती वाटते बरोब्बर तिथे हात सोडून देतो, कारण तिथली जागा फ्री लेफ्टला हवी असते.

आता स्कूटरवाल्यांना अडवायला ट्रॅकच्या तोंडाशी खांब लावतात, बोलार्ड. याबद्दल मी एकदा टेप घेऊनच गेले होते. नेहमीच्या गिअरलेस स्कूटरची रुंदी साधारण ७० सेंटीमीटर. आणि हल्लीच्या माउंटन बाइकचं हँडल मोजा, ते ७० च्या पुढे जातं! म्हणजे ज्या फटीतून स्कूटर जाणार नाही त्या फटीतून आजची सायकलही जात नाही, भाजीवाल्याची तीनचाकी तर नाहीच नाही, आणि स्कूटरवाला काय करतो, पुढच्या गेटातून ट्रॅकवर चढतो. खांबाने फक्त मोटार अडते, त्यासाठी सव्वा ते दीड मीटरची फट पुष्कळ झाली. स्कूटर अडवायची असेल तर तिथे पोलीस लागतो किंवा शेजारचा रस्ता मोकळा वाहायला लागतो, लोखंडाने ते काम होत नाही. हे मी एका कार्यालयात जाऊन सांगितलं तर समोरच्या साहेबांनी चहा दिला आणि म्हणाले मॅडम, खांब मंजूर झालेत. बरं म्हटलं.

प्रश्न : तुम्ही पुण्याचंच लिहिता. आमच्या कोल्हापुरात सायकल ट्रॅकच नाहीत, मग गॅप शोधायचा तरी कशात? आमचा सायकलवाल्यांचा आठ-दहा जणांचा ग्रुप आहे, काहीतरी करायचं आहे पण सुरुवात कुठून करायची कळत नाही. (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : पुण्याचं जास्त होतं हे खरं आहे, गुन्हा कबूल. पण तुम्ही म्हणता की ट्रॅक नाही म्हणजे जाळं नाही, ते मला पटत नाही. तुमच्या राजारामपुरीच्या नंबरच्या गल्ल्या हेच तुमचं जाळं आहे की! ट्रॅक हा औषधासारखा, जिथे दुखतंय तिथे लावायचा. ज्या गल्लीत गाड्या हळू आणि कमी, तिथे ट्रॅक कशाला हवाय?

तर असं करा. ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या मोफत नकाशावरून तुमच्या भागाचा नकाशा काढा, मोठा, चार ए-फोर चिकटवून झाला तरी चालेल. तीन स्केचपेन घ्या. जिथे दहा वर्षांच्या पोराला एकट्याला पाठवाल तो रस्ता हिरवा. जिथे तुम्ही स्वतः बिनधास्त जाता पण पोराला पाठवणार नाही तो निळा. बाकी सगळा लाल. चौकही रंगवायचे, नुसते रस्ते नाही. आणि घरात पंख्याखाली बसून रंगवायचं नाही, त्या रस्त्यावर जाऊन रंगवायचं, आणि ग्रुपमधल्या सगळ्यात तगड्या माणसाच्या हातात पेन द्यायचा नाही, कारण त्याला सगळं हिरवंच दिसतं. घरातल्या कोणालातरी बरोबर न्या, बायको, आई, शेजारची मुलगी, जिला सायकल सोडून पाच वर्षं झालीयेत अशी कोणीतरी.

रंगवून झालं की कात्री घ्या. खरंच कात्री. लाल रस्त्यांवरून कापा, आणि त्याशिवाय नदी, रेल्वेलाइन, हायवे, मोठ्या कॅम्पसच्या भिंती, जिथून ओलांडताच येत नाही अशा सगळ्यांवरूनही कापा. टेबलावर जे तुकडे उरतील ती तुमच्या गावाची बेटं. मी कोथरूडचं केलं तर सात तुकडे पडले आणि त्यातल्या एका तुकड्यावर एकही शाळा नव्हती, म्हणजे तिथल्या प्रत्येक पोराला रोज लाल रस्ता ओलांडावाच लागतो. हे मला वीस वर्षं तिथे राहून माहीत नव्हतं, कात्रीने दाखवलं.

आता इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यात गल्लत करू नका. एक गॅप, म्हणजे रस्ता आहे पण जायची हिंमत होत नाही. दुसरा अडथळा, म्हणजे जायला जागाच नाही, पलीकडे जायचं तर अमुक एका पुलावरूनच. तुमच्याकडे स्टेशनजवळचा परीख पूल घ्या. रेल्वेखालून शाहूपुरीकडून राजारामपुरीकडे यायचं तर जो तो तिथेच येतो, पावसात तिथे पाणी साचतं, आणि मग दोन्ही बाजूंच्या गल्ल्या कितीही गोड असोत, त्यांचा एकमेकींशी संबंध तुटला. अडथळ्याचं माप वेगळं काढायचं: त्या लाइनच्या किंवा नदीच्या कडेने चाला आणि बघा की सायकलवर न घाबरता ओलांडता येईल अशा एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत अंतर किती आहे. हे अंतर दीड-दोन किलोमीटर निघालं तर कितीही ट्रॅक बांधा, लोक गाडीच काढणार.

मग यादी करा. जिथे दोन हिरवी बेटं एकमेकांना जवळजवळ टेकतात पण मधे पाच-पंचवीस मीटर लाल आहे, त्या जागा सगळ्यात वर. त्यात पुन्हा कुठल्या बाजूला शाळा आहे, मंडई आहे, दवाखाना आहे ते बघून क्रम लावा. वळशाचंही बघा, सॅन होजेवाल्यांनी साधारण पाव पट जास्त अंतर चालतं असं धरलं होतं, म्हणजे सरळ रस्ता २ किलोमीटर असेल तर शांत रस्त्याने अडीच झाले तरी ठीक, साडेतीन झाले तर कोणी जाणार नाही, मी पण नाही.

आणि एक फुकटचा उपाय असतो तो आधी बघा. बंद गेटं. आमच्याकडे दोन कॉलन्यांच्या मधे भिंतीत एक छोटं लोखंडी गेट होतं, कायम कुलूप, गंज चढलेला. त्या गेटातून गेलं की मुलांची शाळा चार मिनिटांवर, नाहीतर मोठ्या रस्त्याने वळसा. दोन्हीकडच्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना भेटायला मी सहा वेळा गेले. चोऱ्या होतील, बाहेरचे लोक येतील, आमच्या पार्किंगचं काय, सगळं ऐकून घेतलं. शेवटी सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडायचं ठरलं, खर्च काय तर कुलपाच्या दोन डुप्लिकेट किल्ल्या आणि बिजागरीला तेल. पहिल्या आठवड्यात कोणी फिरकलं नाही आणि मला रोज टोमणे बसले, मग जून उजाडला, शाळा सुरू झाल्या. त्यातली एक किल्ली अजून माझ्या पर्समध्ये असते.

प्रश्न : मी वॉचमन आहे. फुरसुंगीकडून हडपसरला सायकलवर ड्युटीला येतो, रात्रपाळी. तुमचं सदर सोसायटीतल्या मॅडमनी वाचायला दिलं. सायकलवर लिहिणारे सगळे हौशी दिसतात, आमच्यासारख्याकडे दुसरं काही नाही म्हणून सायकल आहे. आधी सोलापूर रोडला डिव्हायडरमधे पंक्चर, म्हणजे ओलांडायची फट, होता तिथून ढकलत यायचो. आता बंद केला. पुढचं वळण लांब आहे म्हणून मी राँग साइडने येतो. पोलीस ओरडतात. चूक आहे मला कळतं. काय करू? (हडपसर)

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून आधी माझं मलाच लाजल्यासारखं झालं, कारण वर जे रंगवायचं वगैरे शहाणपण सांगितलं ना, ते मी सगळं रविवारी सकाळी केलं होतं. रविवारी सकाळी तर अख्खं पुणं हिरवं असतं! तुम्ही ज्या वेळी जाता त्या वेळचा नकाशा वेगळा, रात्रीचा वेगळा, पावसाचा वेगळा. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीच्या दोन काठांमधला एक बऱ्यापैकी शांत जोड त्या दिवशी गायब होतो. सकाळी ज्या भुयारी मार्गातून मी शिट्टी वाजवत जाते त्यातून रात्री दिवे नसले तर जाणार नाही, म्हणजे तो सकाळी हिरवा आणि रात्री लाल. तुमचं पत्र आल्यावर मी परत एकदा गेले, मंगळवारी रात्री साडेआठला, आणि सातचे अकरा तुकडे झाले.

राँग साइडचं. तुम्ही जाऊ नका असंच सांगेन, कारण रात्री समोरून येणाऱ्याला वाटतच नाही की त्या बाजूने कोणी येत असेल, विशेषतः गल्लीतून बाहेर पडणारा माणूस फक्त उजवीकडे बघतो. पण दोष सगळा तुमच्या माथ्यावर मारायला मी तयार नाही. जिथे रोज वीस-पंचवीस सायकली उलट्या बाजूने येताना दिसतात तिथे लोक बेशिस्त आहेत असं नसतं, तिथे डिव्हायडरने रस्ता तोडलेला असतो. खरं तर गॅप शोधायचा सगळ्यात सोपा उपाय हाच आहे, नकाशा नको आणि कात्री नको, शिफ्ट सुटायच्या वेळी अर्धा तास नाक्यावर उभं राहायचं आणि राँग साइडने येणाऱ्या सायकली मोजायच्या. गवतावर पायवाट उमटते ना, तसं हे डांबरावरचं आहे, फक्त ते दिसायला थांबावं लागतं.

तोवर इतकं करा: मागे लाल रिफ्लेक्टर आणि पुढे दिवा लावाच, हातात बॅटरी धरलेली पुरत नाही. पंक्चर जिथे होता त्याच्या जवळ झेब्रा आणि सिग्नल असेल तर तिथून ढकलत या, दहा मिनिटं जास्त गेली तरी. आणि तुमच्या बरोबर त्याच रस्त्याने येणारे, हाउसकीपिंगवाल्या ताया, बाकीचे वॉचमन, असे किती जण आहेत ते मोजून मला कळवा. अर्ज मी लिहिते. डिव्हायडर पूर्ण उघडा असं मागायचंच नाही, त्यात गाड्या घुसतील म्हणून ते कधी देणार नाहीत, माणूस आणि सायकल ढकलत जाईल एवढी फट, रस्त्याच्या लेव्हलला, आणि तिथे एक दिवा, एवढंच मागायचं.

प्रश्न : मी मूळची सांगलीची, आता नवऱ्याच्या नोकरीमुळे आइंडहोव्हनला. इथे आजी-आजोबा सायकलवर, पिल्लं सायकलवर. हे यांच्या रक्तातच आहे हो, आपल्याकडे कसं जमणार? (नेदरलँड्स)

उत्तर : रक्ताबिक्ताचं काही नाही ताई. तुमच्या त्या देशात १९७१ साली रस्त्यावर तीन हजारांपेक्षा जास्त माणसं मेली, त्यात ४०० च्या वर लहान मुलं होती, आणि मग आईबाप रस्त्यावर उतरले, 'मुलांची हत्या थांबवा' अशा नावाचं आंदोलन झालं. नंतर १९७३ चं तेलसंकट आलं. तेव्हाही त्यांना लगेच काही सुचलं नव्हतं. आधी सरकारने हेग आणि टिलबर्गमध्ये एकेक दिमाखदार सायकल मार्ग बांधून बघितला, टिलबर्ग तर तुमच्या शेजारचंच. मार्ग झकास झाले, त्यांच्यावर सायकलीही आल्या, पण शहरात एकूण सायकल फारशी वाढली नाही, कारण मार्गापर्यंत यायचं कसं आणि मार्ग संपल्यावर जायचं कुठे, हा आपलाच प्रश्न.

मग डेल्फ्ट नावाच्या छोट्या शहराने वेगळं केलं. १९७९ मध्ये त्यांनी अख्ख्या गावाचं जाळं आखलं, तीन थरांचं. साधारण पाचशे मीटरवर एक शहराचा मार्ग, त्याच्या आत दोन-तीनशे मीटरवर वस्तीचा, आणि त्याच्याही आत शंभर मीटरवर गल्लीचा, आणि पैसा घातला तो मुख्यतः तुटलेले जोड जोडण्यात, पूल, भुयारी मार्ग, कुठे एकेरी रस्त्यावर सायकलला उलटं यायची परवानगी. सायकलचा वाटा ४० टक्क्यांवरून ४३ वर गेला. तीनच टक्के, हसू नका, ४० वर ३ वाढवणं अवघड असतं. स्पेनमध्ये सेव्हिलला तर सायकल जवळजवळ नव्हतीच, त्यांनी २००६-०७ च्या सुमारास ८० किलोमीटरच्या आसपास जाळं एका झपाट्यात बांधलं, तुकड्या-तुकड्याने नाही, आणि तिथे सायकली आल्या. तिथलं रक्त कुठलं धरायचं मग?

एकेरीचं मात्र तुमच्याकडून शिकण्यासारखं आहे. आमच्या पेठांमधे जवळजवळ सगळं एकेरी, गाडीवाल्याला वळसा पडला तर तो ॲक्सिलरेटर पिळतो, सायकलवाल्याने तो वळसा पायाने घालायचा. तुमच्याकडे एकेरीच्या पाटीखाली 'सायकल सोडून' अशी छोटी पाटी असते ना, तिचा एक फोटो पाठवा, मला एका ठिकाणी दाखवायचाय.

थोडक्यात काही :

'ई-सायकल घेतली तर गॅप उरत नाही ना?' असं पाषाणहून विचारलंय. चढ उरत नाही, गॅप उरतो. वेताळ टेकडीला वळसा घालताना दम लागणार नाही, पण चौकात भीती तेवढीच वाटेल.

'अर्ज कोणाकडे करायचा?' हे तर सात जणांनी विचारलंय. आपल्या क्षेत्रीय कार्यालयात, आणि त्याची पोच घ्यायची. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांनी अंदाजपत्रकात छोटी कामं सुचवायची सोय आहे, वॉर्डातल्या लहान जोडांना ती बरोबर बसते. अर्जात 'सायकल ट्रॅक करा' असं लिहू नका, त्याला उत्तर 'विचाराधीन' असंच येतं. जागा नेमकी लिहा, अमुक गल्लीचं तोंड ते समोरचा झेब्रा, १४ मीटर, इतक्या वाजता इतक्या सायकली मोजल्या, रॅम्प नाही, हा फोटो. फोटो उभं राहून काढू नका, बसून काढा, दहा वर्षांच्या मुलाचे डोळे जिथे असतात तिथून. तिथून पार्क केलेल्या गाडीच्या पलीकडचं काहीच दिसत नाही हे साहेबांनाही मग दिसतं.

आणि लाँड्रीच्या बिलावर नकाशा काढणारे वाचक, तुमचा प्रश्न पुढच्या अंकात नक्की घेते, पण त्यात नदी कुठल्या बाजूला आहे आणि तो मधला गोल म्हणजे चौक आहे की चहाचा डाग, एवढं कळवा. मी तीन वेळा फिरवून बघितलाय.